कावळ्याने कमंडलू कुठे लवंडला?

तंजावूरच्या मराठी घरांतली मुलं शाळेत तमिळ बोलतात, घरात मराठी बोलतात आणि गोष्टी मात्र दोन्हीकडच्या ऐकतात. त्यांतलीच ही एक. दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला होता. अगस्ती ऋषी कावेरीला आपल्या कमंडलूत घेऊन चालले होते. वाटेत कोडगूच्या डोंगरात त्यांनी कमंडलू जरा खाली ठेवला. गणपतीबाप्पांनी हीच वेळ साधली. कावळा होऊन ते कमंडलूच्या काठावर येऊन बसले. कमंडलू लवंडला, पाणी सांडलं आणि नदी वाहू लागली. ऋषी चिडून कावळ्यामागे धावले, बाप्पा मूळ रूपात आले आणि शेवटी सगळे खूश झाले.

गोष्ट झकास आहे. पण भूगोलाचं वेड असलेल्या माणसाला ती ऐकताना एक शंका छळते, आणि गोष्टीत ती कुणीच विचारत नाही. कमंडलू लवंडला तो नेमका कोणत्या बाजूला?

हसू नका! तंजावूरची भातशेती, तिथलं हजार वर्षांपूर्वीचं मोठं देऊळ, चोळ राजांचं वैभव हे सगळं या एका प्रश्नावर टांगलेलं आहे.

कावेरी उगम पावते ती कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात, तलकावेरीला. ब्रह्मगिरीच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर दगडी बांधणीचं एक छोटंसं कुंड आहे. तिथून सरळ रेषेत पश्चिमेला निघालं तर अरबी समुद्र किती लांब? जेमतेम ४५-५० किलोमीटर. आणि कावेरी काय करते? त्या समुद्राकडे चक्क पाठ फिरवते. कर्नाटक ओलांडते, तमिळनाडूत शिरते, तंजावूरला वळसा घालते आणि सुमारे ८०० किलोमीटरची पायपीट करून पूंपुहारजवळ बंगालच्या उपसागराला मिळते.

त्याच कोडगूच्या डोंगरांत पयस्विनी नावाची आणखी एक नदी आहे. ती पश्चिमेकडे वळली, केरळात कासरगोडजवळ समुद्राला मिळाली आणि मोकळी झाली. म्हणजे एकाच ढगातून, एकाच डोंगररांगेवर दोन थेंब पडले तर एक दोन-चार दिवसांत अरबी समुद्रात आणि दुसरा आठशे किलोमीटर लांबच्या दुसऱ्याच समुद्रात! कावळ्याने कमंडलूला धक्का देताना थोडी जरी बाजू चुकवली असती, तर तंजावूरला नदीच मिळाली नसती.

हे ठरतं कसं? कौलारू घर पाहिलंय ना? छपराच्या सगळ्यात उंच कण्याला आढं म्हणतात. पावसाचा थेंब आढ्याच्या अलीकडे पडला तर घरंगळत अंगणात येतो, पलीकडे पडला तर परसात जातो. पडताना दोन थेंबांत अंतर बोटभर, खाली आल्यावर मधे अख्खं घर. आणि एकदा का थेंब छपराच्या खालच्या कडेला, म्हणजे वळचणीला आला की परत वर जायचं नाव नाही. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आपले आजी-आजोबा म्हणतात ते उगाच नाही.

दक्षिण भारताच्या छपरालाही असंच लांबलचक आढं आहे. तापीच्या दक्षिणेपासून थेट कन्याकुमारीच्या जवळपर्यंत, सुमारे १६०० किलोमीटर. आपण त्याला सह्याद्री म्हणतो, खाली दक्षिणेत त्यालाच पश्चिम घाट म्हणतात. पाण्याच्या वाटा वेगळ्या करणाऱ्या अशा उंचवट्याला भूगोलाच्या पुस्तकात ‘जलविभाजक’ असं भारदस्त नाव आहे. फक्त हे छप्पर बांधणारा गवंडी जरा विक्षिप्त असावा. आढं मधोमध घालायचं सोडून त्याने ते पार पश्चिमेच्या टोकाला नेऊन ठेवलं. त्यामुळे एक बाजू आखूड आणि उभी, तर दुसरी लांबच लांब आणि इतकी मंद उताराची, की उतार डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

म्हणून तर आपल्या महाराष्ट्रातही तोच चमत्कार दिसतो. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरावर गोदावरी उगम पावते. तिथून अरबी समुद्र ८० किलोमीटरच्या आसपास, पण गोदावरी १४६५ किलोमीटर चालून आंध्रातून बंगालच्या उपसागराला मिळते. त्या डोंगराचं नाव काय? ब्रह्मगिरी! कावेरीच्या डोंगराचंही तेच. दोन ब्रह्मगिरींमध्ये शेकडो किलोमीटरचं अंतर आहे, पण दोघेही बसलेत एकाच आढ्यावर.

जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्यांचं ते पाणी, अशी श्रद्धा आहे. त्यातली सावित्री घाट उतरून पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाते. कृष्णा मात्र वाई, सांगली करत करत सुमारे १४०० किलोमीटरवरचा पूर्वेचा समुद्र गाठते. भीमाशंकरची भीमाही कृष्णेचा हात धरून तिकडेच जाते. गंमत म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावूरला मराठ्यांची गादी स्थापन केली. भीमेचं पाणी आणि भोसल्यांची एक शाखा, दोघांनीही वाट पूर्वेचीच धरली. (याचा जलविभाजकाशी काही संबंध नाही. पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

आता थोडा उद्योग करू. एक जाडसर पांढरा कागद घ्या आणि त्याचा चांगला बोळा करा. मग तो हलकेच उलगडा, पण पार सपाट करू नका. त्यात डोंगर-दऱ्या राहिल्या पाहिजेत. निळं स्केचपेन घ्या. त्याची शाई पाण्यात पसरणारी हवी, मार्कर चालणार नाही. कागदावरच्या ज्या घड्या सगळ्यात उंच आहेत त्यांच्या माथ्यावरून रेघा ओढा. कागद ताटात ठेवा, खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा (हे विसरलात तर घरच्यांची बोलणी खावी लागतील, माझं नाव सांगू नका) आणि इस्त्रीच्या वेळी वापरतात त्या फवाऱ्याच्या बाटलीने वरून बारीक पाऊस पाडा.

सुरुवातीला काहीच होत नाही. निळी रेघ नुसती फुगते, तिच्या कडा मऊ होतात. मग एका जागी तिला टोक फुटतं आणि केसाइतका बारीक निळा ओघळ उताराला लागतो. त्याला दुसरा येऊन मिळतो. दोघांचा जरा जाड ओघळ होतो, तो घडीच्या खोबणीत उतरतो आणि खाली डबकं साचतं. आता रेघेच्या दुसऱ्या बाजूला बघा. तीच रेघ, तीच शाई, पण तिकडचे ओघळ तिकडच्या डबक्यात. एका डबक्याला जेवढ्या कागदावरून पाणी येतं तेवढं त्या नदीचं खोरं. आणि एखाद्या जागी घडीचा माथा पसरट असेल तर शाई तिथेच घुटमळत राहते. इकडे जाऊ की तिकडे जाऊ, तिला ठरवताच येत नाही. ही घुटमळणारी शाई लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

पण आपलं आढं इतकं पश्चिमेला गेलं कसं? त्यासाठी फार मागे जावं लागेल. एके काळी भारत, मादागास्कर आणि सेशेल्सची बेटं ही सगळी एकमेकांना चिकटलेली जमीन होती. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटून बाजूला झालं आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सही. जमीन अशी फाटते तेव्हा फाटलेली कड बऱ्याचदा वर उचलली जाते. भारताची पश्चिम कड अशीच उचलली गेली आणि सगळं पठार पूर्वेकडे किंचित कललं. गोदावरी, कृष्णा, कावेरी तेव्हापासूनचा तो कल पाळत आहेत. अपवाद कोण, ते तुम्हाला शाळेत शिकवलेलं असेलच. नर्मदा आणि तापी. जमिनीला पडलेल्या खचदऱ्यांत त्या सापडल्या, आणि त्या दऱ्या उघडतात पश्चिमेला. कल पूर्वेकडे असला तरी खोल चर समोर असताना पाणी दुसरीकडे कशाला जाईल?

अर्थात हे आढं अगदी पट्टीने आखलेलं नाही. भवानी नदीचंच बघा. ती उगम पावते तमिळनाडूतल्या निलगिरीत आणि तिथून केरळात शिरते. आता ही अरबी समुद्राला जाणार, असं वाटत असतानाच डोंगर आडवे येतात. ती एक मोठं वळण घेते, पुन्हा तमिळनाडूत परतते आणि कावेरीला मिळते. नकाशात तिच्यावरून बोट फिरवून बघा, बोटालाही वळताना कसरत करावी लागते.

तंजावूरला जुलैच्या अखेरीस गेलात तर एक कोडं पडेल. आकाश कोरडं, ऊन रणरणतं, पावसाचा पत्ता नाही. आणि कावेरी मात्र काठोकाठ! ऑगस्टच्या सुरुवातीला, तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, तिथे आडिपेरुक्कु नावाचा सण असतो. वाढलेल्या नदीची पूजा करायला बायाबापड्या, मुलंबाळं सगळी घाटावर लोटतात. नदीत फुलं सोडतात आणि चित्रान्न, दहीभात असे तऱ्हेतऱ्हेचे भात डब्यांत घालून काठावर जेवायला बसतात. पाऊस नसताना नदी वाढली कशी?

कारण तो पाऊस तंजावूरचा नाहीच. जून-जुलैमध्ये अरबी समुद्रावरून आलेले ढग पश्चिम घाटाला धडकतात. उगमाजवळच्या भागमंडलला वर्षाला पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो. घाटाच्या सावलीत दूर पूर्वेला असलेल्या तंजावूरला वर्षभरात हजार मिलीमीटरच्या आसपास, आणि त्यातला बराचसा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, परतीच्या पावसाच्या दिवसांत. म्हणजे आडिपेरुक्कुला तंजावूरकर ज्या पाण्याची पूजा करतात, ते मूळचं पश्चिमेच्या समुद्राचं. ढगात बसून ते घाट चढलं, आढं ओलांडून पलीकडे सांडलं आणि आता पूर्वेच्या समुद्राकडे चाललं आहे. ढगाला आढं ओलांडता येतं. नदीला नाही.

हल्ली या पाण्याला वाटेत मेट्टूरला थांबावं लागतं. १९३४ साली तिथे मोठं धरण पूर्ण झालं. पाणी पुरेसं असेल तर १२ जूनला त्याचे दरवाजे उघडायचे, अशी रीत आहे. मग तीन-चार दिवसांनी पाणी खाली पोचतं आणि कुरुवै नावाच्या भाताच्या पिकाची लगबग सुरू होते. तंजावूरचा शेतकरी आपल्या आभाळाकडे बघण्याआधी मेट्टूरची बातमी वाचतो.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटलं असेल, जलविभाजक म्हणजे उंचच उंच डोंगर. तर आता त्या घुटमळणाऱ्या शाईकडे येऊ.

अमेरिकेत वायोमिंग राज्यात, यलोस्टोन उद्यानाच्या दक्षिणेला, टू ओशन पास नावाची खिंड आहे. रॉकी पर्वतावरचा अमेरिकेचा महाजलविभाजक तिच्यावरून जातो. एका बाजूचं पाणी प्रशांत महासागराला, दुसऱ्या बाजूचं अटलांटिकला. त्या खिंडीत माथा इतका सपाट आहे की डोंगरावरून आलेला एक ओढा तिथे चक्क दुभंगतो. एका फाट्याचं नाव पॅसिफिक क्रीक, तो सुमारे २२०० किलोमीटर जाऊन प्रशांत महासागरात पोचतो. दुसरा अटलांटिक क्रीक. त्याला अटलांटिकच्या बाजूचा समुद्र गाठायला सुमारे ५६०० किलोमीटर जावं लागतं. शास्त्रज्ञ म्हणतात, तिथले ट्राउट मासे फार पूर्वी याच वाटेने पोहत पोहत प्रशांतच्या बाजूने अटलांटिकच्या बाजूला आले. डोंगर चढून पलीकडे जाणारे मासे!

(एखादा चौकस वाचक म्हणेल, अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दोन्ही हिंदी महासागराचेच भाग, मग आपला घाट दोन महासागरांचं पाणी कुठे वेगळं करतो? बरोबर आहे. वेगळे झालेले थेंब कन्याकुमारीच्या खाली पुन्हा भेटू शकतात. पण म्हणून त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या नाहीत, असं थोडंच आहे?)

आता खुद्द तंजावूर. हे शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ५०-६० मीटर उंच, आणि पूर्वेचा समुद्र तिथून ७०-८० किलोमीटर. करा हिशोब. किलोमीटरला मीटरभरसुद्धा उतार नाही! नजर जाईल तिथवर भातखाचरं आणि नारळ, डोंगर औषधाला नाही. अशा सपाट जागी पाण्याला वाट कोण दाखवणार? इथे नदी आपला स्वभावच बदलते. वर डोंगरात छोट्या नद्या मोठीला येऊन मिळतात, इथे मोठी फुटून छोट्या होतात. वेण्णारू, वडवारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी, अरसलारू अशी तिची पोरं चहूकडे पांगतात. हाच तो कावेरीचा त्रिभुज प्रदेश.

या सगळ्याची गुरुकिल्ली तंजावूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. तिचं नाव कल्लणै.

तिरुचिरापल्लीच्या वरच्या अंगाला मुक्कोंबू इथे कावेरी दुभंगते. उत्तरेचा फाटा कोल्लिडम, दक्षिणेचा कावेरी. दोन्हींच्या मधे श्रीरंगमचं बेट. बेट संपतं तिथे दोन्ही फाटे पुन्हा एकमेकांच्या अगदी जवळ येतात, आणि खरी भानगड तिथे आहे. कोल्लिडमचं पात्र सखल, उताराचं आणि समुद्राकडे जवळच्या वाटेने जाणारं. कावेरीचं पात्र त्याहून उंच. मधे अडवायला कुणी नसेल तर पाणी काय करणार? कावेरीतून कोल्लिडममध्ये उडी मारणार आणि थेट समुद्रात. तंजावूर कोरडं ठणठणीत.

अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी करिकाल नावाच्या चोळ राजाने नेमक्या त्या जागी आडवी भिंत घातली, असं मानतात. तीच कल्लणै. दगडांची, सापासारखी नागमोडी, ३२९ मीटर लांब, सुमारे २० मीटर रुंद. आणि उंच किती? फक्त साडेपाच मीटरच्या आसपास. दुमजली घराएवढीसुद्धा नाही. तलकावेरीला १३०० मीटर उंचीचा डोंगर जे काम करतो, तेच काम इथे साडेपाच मीटरची भिंत करते. उंची किती हा मुद्दाच नाही. शेजाऱ्यापेक्षा जरा उंच आणि नेमक्या जागी असलं की झालं.

उलट मला तर करिकालाची भिंत सह्याद्रीपेक्षा हुशार वाटते. नेहमीच्या दिवसांत ती पाणी कावेरीत ठेवते, शेतांकडे वळवते. महापूर आला तर जादा पाणी तिच्या माथ्यावरून कोल्लिडममध्ये पडतं आणि समुद्राला जातं, शेतं बुडत नाहीत. सह्याद्रीला असं कधी जमलंय का?

आज कल्लणैवर दरवाजांचा पूल आहे, बाग आहे, हत्तीवर बसलेल्या करिकालाचा पुतळा आहे. पाणी कमी असताना पुलावर उभं राहून आधी एका कठड्यावरून आणि मग समोरच्या कठड्यावरून खाली बघा. एका बाजूला कावेरीचं गढूळ, भरलेलं, संथ पाणी दगडाला चाटत असतं. दुसऱ्या बाजूला कोल्लिडमचं भलंमोठं पात्र, वाळूच वाळू, मधे चार-दोन डबकी आणि त्यांत एका पायावर उभे असलेले बगळे. दोन्हींच्या मधे तुमची वीस-पंचवीस पावलं.

दीड-दोन हजार वर्षं नदी गाळ आणतच होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कावेरीचं पात्र गाळाने इतकं भरलं की पाणी पुन्हा कोल्लिडमकडे पळू लागलं आणि तंजावूरची शेती धोक्यात आली. तेव्हा आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने १८३६ पासून वर मुक्कोंबूला कोल्लिडमवर बंधारा घातला. त्याला मोठा प्रश्न होता पायाचा. खाली नुसती वाळू, खडकाचा पत्ता नाही, मग भिंत उभी राहणार कशावर? उत्तर त्याला कल्लणैत सापडलं. जुन्या लोकांनी मोठमोठे दगड वाळूत टाकले, ते आपल्या वजनाने खाली रुतले, मग वर आणखी टाकले, असं करत दगडांनी आपोआप बैठक घेतली. हा धडा कॉटनने पुढे जन्मभर वापरला. गोदावरीवर धवलेश्वरमला त्याने १८४७ ते १८५२ च्या दरम्यान जो प्रसिद्ध बंधारा बांधला, त्यामागेही कल्लणैची शिकवण होती. बघा, त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून निघालेलं पाणी आंध्रात अडवलं गेलं ते तंजावूरच्या शहाणपणावर! कॉटनच्या मुक्कोंबूच्या बंधाऱ्याचे काही दरवाजे मात्र ऑगस्ट २०१८ च्या पुरात वाहून गेले. तो तोवर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ उभा होता. करिकालाची भिंत त्या वेळीही जागची हलली नाही.

त्रिभुज प्रदेशात आणखी एक उलटा प्रकार दिसतो. आपल्याला सवय असते नदी खाली, गाव वर अशी. पूर येतो तेव्हा नदी काठाबाहेर पडते, पण काठाबाहेर पडताक्षणी तिचा जोर ओसरतो आणि जड गाळ ती काठावरच टाकून देते. दर पुरात थोडा थोडा. असे काठ वाढत जातात, पात्राच्या तळाशीही गाळ साचतो आणि हळूहळू नदीच आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच होऊन बसते. म्हणजे इथे आढ्यावरून नदीच वाहते! त्यामुळे कावेरीच्या अगदी काठच्या खाचरात पडलेला पाऊस पुष्कळदा कावेरीत जातच नाही, तो तिच्याकडे पाठ करून लांबच्या सखल ओढ्याकडे पळतो. पाटाचं पाणी शेतात सोडायलाही हे फार सोयीचं. वरून खाली, मोटार-पंप काही नको. मेट्टूर धरणाबरोबर काढलेला नवा कालवा याच युक्तीने कल्लणैपासून उंचावरून आणला आहे. तो तंजावूर शहरात मोठ्या देवळाच्या जवळून वाहतो आणि पुढे पट्टुकोट्टैच्या बाजूची कोरडी जमीन भिजवतो. तिथले लोक त्याला पुदु आरू म्हणजे नवी नदी म्हणतात.

नद्या-डोंगरांची ही आवड तंजावूरच्या मराठी दरबारातही होती. दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी भरभराटीला आणलं हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नृत्यनाट्य लिहिलं, त्यात जगाचा भूगोल आहे! कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई. देश, डोंगर, नद्या यांची माहिती या नाट्यात तिच्या तोंडून गाण्यांतून येते. भूगोलाचा तास असा नाचत-गात झाला असता तर माझे मार्क नक्की वाढले असते.

माणूस आढं बांधू शकतो हे कल्लणैत दिसलं. मग त्याला भोक पाडता येईल का? तेही करून झालंय. पेरियार ही केरळातली पश्चिमेला वाहणारी मोठी नदी. पलीकडे तमिळनाडूत मदुरैकडची जमीन तहानलेली. जॉन पेनिक्विक या इंजिनिअरने पेरियारवर धरण बांधून पाणी वर चढवलं आणि डोंगराच्या पोटातून बोगदा काढून ते पूर्वेला वैगै नदीच्या खोऱ्यात सोडलं. हे काम १८९५ साली पूर्ण झालं. अरबी समुद्राला जाणारं पाणी तेव्हापासून पूर्वेकडे जातं. थेनीकडचे शेतकरी आजही पोंगलला पेनिक्विकची आठवण काढतात.

आपल्या कोयनेत नेमकं उलटं झालं. कोयना महाबळेश्वरहून निघते, दक्षिणेला बरीच जाते आणि हेळवाकला पूर्वेकडे वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. म्हणजे ही पूर्वेची नदी. पण कोयना धरणाचं बरंच पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडतात. कित्येकशे मीटर खाली कोसळताना ते वीज तयार करतं, मग वाशिष्ठीत उतरतं आणि चिपळूणवरून दाभोळला अरबी समुद्रात जातं. एवढं होऊनही पाणी आढं चढलेलं नाही हं. आढ्याच्या खालून भिंतीला भोक पाडून बाहेर काढलंय. बोगद्यातही ते उतारानेच जातं.

आता तुमची पाळी. नकाशा घ्या आणि तुमच्या घराजवळच्या ओढ्यावर बोट ठेवा. तो कशाला मिळतो, ती नदी पुढे कशाला मिळते, असं करत समुद्रापर्यंत जा. पुणेकरांचं सोपं आहे: मुठा, मुळा-मुठा, भीमा, कृष्णा, बंगालचा उपसागर. नागपूरकरांना जरा लांब जावं लागेल: नाग नदी, कन्हान, वैनगंगा, मग प्राणहिता आणि गोदावरी. जळगावकरांचं बोट तापीवरून सुरतेकडे जाईल. बुलडाण्याच्या मुलांनी सांभाळून राहावं, कारण तिथे अजिंठ्याची डोंगररांग आढ्याचं काम करते. पैनगंगेकडे उतरलेलं पाणी पूर्वेच्या समुद्राला, उत्तरेला घाट उतरून पूर्णेत गेलेलं तापीतून पश्चिमेला. आणि सगळ्यात कठीण पेपर लोणावळा-खंडाळ्याच्या मुलांचा. इंद्रायणी तिथून निघून पूर्वेला जाते आणि उल्हास तिथल्याच डोंगरांतून पश्चिमेला कर्जत-कल्याणकडे. त्यांनी उत्तर देताना गल्लीचं नाव सांगून भागणार नाही, घराचं दार कोणत्या उताराला आहे तेही सांगावं.